एक वेत होऊ द्या!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनी फोन करून विषय विचारला, तेव्हा त्यांना वाटलं असणार की हा माणूस गझलेवर बोलेल, नाहीतर मुकुंदराजांवर. अंबाजोगाईत राहणाऱ्या कवीकडून लोकांची तेवढीच अपेक्षा असते. मी म्हटलं, पाळलेल्या कुत्रीचं ऑपरेशन कधी करावं, यावर बोलेन. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, मग डॉक्टरांनाच बोलवू का?" मी म्हटलं, ऑपरेशन कसं करतात ते डॉक्टर सांगतील. कधी करावं, यात माझी जी फजिती झाली ती मलाच सांगावी लागेल.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. शरीरशास्त्र माझं नव्हे. आज जे सांगणार आहे ते डॉक्टरांना विचारून, थोडं वाचून आणि बरंचसं चुका करून कळलेलं आहे.

२०२१चा पावसाळा. शाळा बंद होत्या. माझी मुलगी दुकानातून साखर आणायला गेली आणि येताना ओढणीत एक भिजलेलं पिल्लू घेऊन आली. तांबूस रंगाचं, गावठी, जेमतेम दीड महिन्याचं. आमच्या घरात कुत्रं ही गोष्ट सोपी नाही. लाळ लागली की कपडा धुवायचा, नमाजाची जागा सांभाळायची. पण राखणीचं कुत्रं ठेवायला धर्मानं मनाई केलेली नाही, आणि गुहेत झोपलेल्या त्या भल्या माणसांच्या दाराशी पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुराणातही आहे. अम्मीनं निकाल दिला : अंगणापर्यंत. उंबऱ्याच्या आत नाही. मुलीनं नाव ठेवलं लाली.

तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस टोचायला नेलं. डॉक्टरांनी सुई टोचता टोचता सांगितलं, "मादी आहे. पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशनचं ठरवा. पहिल्यांदा माजावर यायच्या आत झालं तर बरं." मी "हो हो" म्हणालो. मुलगी शेजारी उभी होती, म्हणून मी विषय बदलला. खरं सांगायचं तर मला लाज वाटली.

ही लाज कुठून आली याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. कारण माझं बालपण केज तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. अब्बा बटईनं शेती करायचे. गोठ्यात लाल कंधारी गोऱ्हे असायचे आणि दोन-चार उस्मानाबादी शेळ्या. गोऱ्हा बडवायचा कधी आणि बोकड खस्सी करायचा कधी, याची चर्चा आमच्या ओसरीवर बायकापोरांसमोर मोकळेपणानं व्हायची. बोकड लवकर, चार-दोन महिन्यांचा असतानाच. मटणाला वास राहत नाही, अंगावर मांस चढतं. बकरी ईदलाही खस्सी बोकड चालतो. उलट लोक तोच शोधत फिरतात. गोऱ्ह्याचं मात्र उलटं. घाई करायची नाही. आदत आहे तोवर हात लावायचा नाही, दुसा होऊ द्यायचा, जमलं तर चौसा होऊ द्यायचा. म्हणजे पुढचे दोन, मग चार पक्के दात येऊ द्यायचे. अब्बा म्हणायचे, मान भरू दे, वशिंड उभं राहू दे, मग जू ठेवायला खांदा राहील. शेजारच्या एकानं गोऱ्हा अंगावर येतो म्हणून दीड वर्षातच बडवून घेतला. तो वाढला उंच, पण पायानं लांब आणि मानेनं बारीक. जुवाखाली तो कधी खुलला नाही.

तेव्हा पशुवैद्यक दवाखान्यात बर्डिझोचा मोठा चिमटा असायचा. त्याच्या आधी दगडानं बडवायचे, ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण मुद्दा असा की आमच्या निरक्षर माणसांना 'कधी' हा प्रश्न पक्का ठाऊक होता, आणि त्याचं उत्तर जनावर पाहून दिलं जात होतं. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला अंगणातल्या कुत्रीबद्दल तो प्रश्न तोंडातून काढता येईना.

त्यात अम्मी. सहावा महिना लागला तसा मी भीत भीत विषय काढला. ती म्हणाली, "एक बार माँ तो बनने देओ उसको." शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. "एक वेत होऊ द्या, मग करा. नाहीतर तळतळाट लागतो." श्रोतेहो, आईवर चांगल्या डझनभर कविता लिहिलेला माणूस यावर काय बोलणार? मी विरघळलो. एका वेतानं कुत्री शांत होते, तिची प्रकृती सुधारते, असंही कोणी कोणी सांगितलं. याला काही आधार नाही, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा मात्र ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

डिसेंबरच्या शेवटी लाली माजावर आली. आधी मला कळलंच नाही. अंगणात रक्ताचे ठिपके दिसले, वाटलं पायाला काच लागली. दोन दिवसांनी गल्लीत कुत्र्यांची रांग लागली. आमच्या गल्लीत इतके नर राहतात हे मला माहीत नव्हतं. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला, "आत्ता करून टाका." ते म्हणाले, आत्ता नाही. माजावर असताना त्या भागातल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्तस्राव जास्त होतो. दोन-अडीच महिने थांबा, तोवर तीन आठवडे बांधून ठेवा. आम्ही बांधून ठेवलं. पण बांधलेल्या कुत्रीकडे भिंतीवरून येता येतं, हे नरांना आमच्याआधी समजलं होतं.

त्याच सुमाराला आपला बीड जिल्हा जगभर गाजत होता, आठवतं का? माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेतात आणि पिल्लं मरतात, अशी बातमी होती. अडीचशे पिल्लं मेल्याचा आकडा परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आला. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. नंतरच्या बातम्यांत तो आकडा बराच फुगवलेला असल्याचं सांगितलं गेलं. लोक मोबाइलवर विनोद पाठवत होते, मीही दोन-तीन पुढे ढकलले. मग एका रात्री लालीला खिडकीतून पाहताना मनात आलं की अडीचशे खोटे असतील, पण पन्नास होती की शंभर, हे तरी कुणाला सांगता येत होतं? पिल्लं मोजतो कोण?

कुत्रीला दिवस जातात ते साधारण त्रेसष्ट. मार्चच्या सुरुवातीला लालीला सहा पिल्लं झाली. अम्मीनं तिला गूळ घालून शिरा दिला. पहिल्या आठवड्यात दोन पिल्लं गेली. चार राहिली, दोन नर आणि दोन माद्या. नर लगेच गेले. एक शेळ्या राखणाऱ्यानं नेला, एक लातूर रस्त्यावरच्या धाब्यावर गेला. माद्यांसाठी मी ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. प्रत्येक जण पिल्लू उचलायचा, उलटं करून बघायचा आणि खाली ठेवायचा. "मादी आहे का? मग नको, सर." त्यांचंही खरं होतं. माझ्याच अंगणात काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

आता जे सांगतो ते मी घरातही बरेच महिने सांगितलं नव्हतं. एप्रिल संपत आला होता, रमजानचे शेवटचे दिवस. दोन्ही माद्या आठ आठवड्यांच्या झाल्या होत्या, दिवसभर केकाटायच्या. शेजारी बोलू लागले होते. एका रात्री तरावीहनंतर मी दोघींना साखरेच्या रिकाम्या पोत्यात घातलं, स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि मोंढ्यात आडतीच्या दुकानांच्या ओट्याखाली सोडून आलो. धान्य आहे, माणसांची वर्दळ आहे, काहीतरी खायला मिळेल, असं माझं मलाच समजावत परत आलो. पोतं अंगणात टाकलं. लालीनं ते हुंगलं, तोंडात धरलं आणि ओढत आपल्या कोपऱ्यात नेलं.

मला झोप लागली नाही. सहरी झाली, फजरची नमाज झाली आणि मी तसाच मोंढ्यात गेलो. एक पिल्लू ओट्याखालच्या नालीत अंग चोरून बसलं होतं. दुसरं नव्हतं. एका हमालाला विचारलं, तो म्हणाला, "रात्री टेम्पो लागले होते, सर." त्याला आणखी काही माहीत नव्हतं. मी अर्धा तास शोधलं आणि एकच पिल्लू घेऊन घरी आलो. मुलीनं विचारलं, "दूसरी?" मी म्हणालो, एकानं पाळायला नेली.

यानंतर लालीच्या ऑपरेशनबद्दल घरात वाद उरला नाही, असं तुम्हाला वाटेल. पण एक अडचण आलीच. डॉक्टर घरी आले होते, अंगणात चहा घेता घेता सहज म्हणाले, "दूध आटलं की पिशवी काढून टाकू." माझी बायको कप ठेवून आत निघून गेली. नंतर मला म्हणाली, "वो लफ्ज नक्को बोलो मेरे सामने."

बीडबाहेरच्या वाचकाला हे कदाचित समजणार नाही. आमच्या जिल्ह्यात 'पिशवी काढणं' हे शब्द साधे राहिलेले नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय २०१९मध्ये उघड्यावर आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. पाळीच्या दिवसांत खाडा होतो, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि पोटात दुखतं म्हणून गेलं की काढून टाका हाच सल्ला. माझ्या बायकोची एक बालमैत्रीण त्यात आहे. पस्तिशीत ऑपरेशन झालं, आता पन्नाशीही गाठली नाही आणि कंबर धरून चालते.

माणसाची आणि जनावराची बरोबरी करायची नाही, हे बायकोलाही कळत होतं. त्या बायका बोलू शकत होत्या, त्यांना नीट विचारलंच गेलं नाही. लाली बोलू शकत नाही. पण म्हणूनच तिचा प्रश्न रास्त होता : हे लालीसाठी करायचं की आपल्याला कटकट नको म्हणून? आणि शरीरातला एक अवयव काढला तर बाकी शरीराचं काय होतं? मी हे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे डॉक्टरांपुढे ठेवले. ते गृहस्थ चांगले होते. हसले नाहीत. पाऊण तास बसून बोलले.

त्यांचं म्हणणं मला समजलं तसं सांगतो. अंडाशय आणि वृषण ही फक्त पिल्लांपुरती नसतात. त्यांच्यातला रस हाडांची वाढ थांबवण्याचं कामही करतो. तो लवकर बंद केला तर पायांची हाडं जरा जास्तच लांबत राहतात. (मला लगेच शेजाऱ्याचा तो लांब पायांचा बैल आठवला. मी तसं म्हणालो, तर डॉक्टर म्हणाले, "तेच. अगदी तेच.") म्हणून कुत्रं केवढं होणार आहे ते आधी बघायचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३मध्ये गोल्डन रिट्रीव्हर आणि २०२०मध्ये पस्तीस जातींच्या नोंदी तपासल्या. मोठ्या अंगाच्या अनेक जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना सांध्यांचे आजार जास्त दिसले. लहान जातींत तसा फरक दिसला नाही. तेव्हा लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड असेल तर अंग भरेपर्यंत, वर्ष-सव्वा वर्ष थांबलेलं बरं. आपल्या तांड्यांवरचं उंच कारवान कुत्रं असेल तर त्यालाही घाई नको. लाली पंधरा-सोळा किलोची. तिच्यासारख्या गावठी मादीला सहा महिने पुरे होते.

मादीचा हिशेब वेगळा होण्याचं दुसरं कारण गर्भाशय. वय वाढलं की प्रत्येक माजानंतर त्यात पू भरण्याचा धोका असतो. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी आहेत, त्यांत ऑपरेशन न झालेल्या सुमारे चारातल्या एका मादीला दहा वर्षांच्या वयापर्यंत हा आजार झालेला दिसतो. वेळेत लक्षात आलं नाही तर जीव जातो, आणि मग तेच ऑपरेशन म्हाताऱ्या, तापानं फणफणलेल्या कुत्रीवर रात्री-बेरात्री करावं लागतं. स्तनांच्या गाठींबद्दल म्हणाल तर पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर धोका जवळजवळ उरत नाही, असं १९६९च्या एका अमेरिकी अभ्यासापासून सांगितलं जातं. २०१२मध्ये सगळे जुने अभ्यास पुन्हा तपासले गेले, तेव्हा हा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही असं निघालं. डॉक्टरांनी हेही लपवलं नाही, म्हणून मला त्यांचं बाकीचं पटलं.

आणि तिसरी गोष्ट, जी पुस्तकात शेवटी येते पण आपल्याकडे पहिली आहे : कुत्रं बांधलेलं असतं की मोकळं? आपली बहुतेक पाळीव कुत्री अर्धी घरची, अर्धी गल्लीची. सकाळी भाकरी आपल्याकडे, दिवसभर उनाडक्या. अशा कुत्र्यांत मिलनातून पसरणारी एक गाठ असते, तिच्यातून रक्त येत राहतं, महिनाभर आठवड्याला इंजेक्शन द्यावं लागतं. बंगल्यातल्या मादीसाठी एखादा माज वाट पाहणं परवडतं. लालीसाठी एक माज म्हणजे सहा पिल्लं. हे मी स्वतः पाहिलेलं असल्यामुळे डॉक्टरांना ते समजावून सांगावं लागलं नाही.

बायको दाराआडून सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "दर्द होगा क्या?" डॉक्टर म्हणाले, भूल देतो, नंतर दुखणं थांबवणारं औषध देतो, दहा-बारा दिवसांत टाके निघतील. मग तिनं होकार दिला. मीही मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घेतलं. गरज असेल आणि हाल न करता होत असेल तर हरकत नाही, असं ते म्हणाले.

तरी लगेच झालं नाही. आधी रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी निघाल्या. गोचिडांचा ताप. वरून कुत्री धडधाकट दिसते, शेपूट हलवते, आणि आतून रक्त गोठण्याची ताकद गेलेली असते. अशा वेळी पोट उघडलं असतं तर लाली टेबलावरच गेली असती. आपल्या भागात गोचीड नाही असं कुत्रं शोधून सापडणार नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो : शे-दोनशे वाचवायला ही तपासणी टाळू नका. महिनाभर गोळ्या झाल्या, पुन्हा रक्त तपासलं आणि जुलैत लातूरला नेऊन ऑपरेशन झालं. येताना जीपमध्ये लालीचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर तिनं साडी सात वेळा धुतली. पण आधी लालीला कोपऱ्यात निजवलं, मग. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायला प्लॅस्टिकच्या बादलीचा बूड मीच कापला. लाली त्यात लग्नाच्या बँडमधल्या कर्ण्यासारखी दिसायची.

नरांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथे पुरुष आडवे येतात. आमच्या एका मित्राचा नर महिन्यातून चार दिवस बेपत्ता असतो, फाटक्या कानानं परत येतो. त्याला ऑपरेशनचं सुचवलं तर मित्र दुखावला. "त्याची मर्दानगी घालवू?" मी म्हटलं, तुझ्या गोठ्यातल्या दोन्ही बैलांची कुणी घालवली? म्हणाला, "बैलाचं वेगळं. तो कामाचा." ऑपरेशननंतर नराचं भटकणं, जागोजागी तंगडी वर करणं पुष्कळ कमी होतं. पण घाबरट असल्यामुळे चावणारं कुत्रं त्यामुळे शहाणं होईल अशी खात्री नाही, कधी जास्त बिथरतंही. चावरेपणावर उपाय म्हणून कोणी सांगत असेल तर दोनदा विचार करा. नंतर भूक तेवढीच राहते आणि अंग सुटतं, म्हणून भाकरी चतकोर कमी करावी लागते, हे मात्र नर-मादी दोघांना लागू.

गल्लीतली कुत्री वाढली की आपण नगरपालिकेला शिव्या देतो. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम २००१मध्ये आले, २०२३मध्ये नवे झाले. सर्वोच्च न्यायालयाचे २०२५चे आदेश आपण सगळ्यांनी वाचले : ऑगस्टमध्ये सांगितलं की शस्त्रक्रिया आणि लस झाल्यावर कुत्री मूळ जागी सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक वगळून, नोव्हेंबरमध्ये सांगितलं की शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली मात्र तिथे परत सोडू नका. चहाच्या टपरीवर त्यावर तावातावानं चर्चा होते, मीही करतो. पण २०२३च्या त्याच नियमांत पाळीव जनावराची लस आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे, हे टपरीवर कोणी काढत नाही. मोंढ्यातली ती एक मादी जगली असेल तर आज तिची पोरं, नातवंडं कुठल्या तरी गल्लीत भुंकत असतील. नगरपालिकेच्या वहीत ती 'भटकी' म्हणून लिहिली जातील. माझं नाव कुठेही येणार नाही.

नालीतून परत आणलेल्या पिल्लाचं नाव छोटी. तिच्या वेळी मला काही करावं लागलं नाही. अम्मी रोज संध्याकाळी बोटांच्या पेरांवर महिने मोजायची. मार्च, एप्रिल, मे. ऑगस्ट संपता संपता तिनंच मला हटकलं, "छठवाँ लग गया, डॉक्टर को फोन कर." 'एक बार माँ' वगैरे ती काही बोलली नाही, मीही आठवण काढली नाही.

सप्टेंबरात ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या रात्रीनंतर खायला काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सकाळी शेजारचा पोरगा नेहमीप्रमाणे बिस्किटाचा पुडा घेऊन फाटकाशी आला. छोटी शेपूट हलवत धावली. अम्मी ओसरीवर तसबीह घेऊन बसली होती. तिथूनच तिनं पोराला दटावलं, "ए, बिस्कुट छुपा. आज रोजा है उसका."